डग्लसने टायसनला पाडलं त्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बॉक्सिंगच्या गप्पा रंगल्या आणि माइक टायसनचं नाव निघालं, की थोड्याच वेळात कुणीतरी टोकियोचा विषय काढतो. मग त्याच त्या शंका येतात आणि तेच ते वाद पेटतात. गेली कित्येक वर्षं मी ही लढत पुन्हा पुन्हा पाहत आलोय, म्हणून या प्रश्नांची माझी उत्तरं एकदा नीट लिहून काढतोय.

नेमकं काय झालं होतं, थोडक्यात सांगाल?

११ फेब्रुवारी १९९० रोजी जपानमधल्या टोकियो डोममध्ये जेम्स 'बस्टर' डग्लसने हेवीवेट जगज्जेत्या माइक टायसनला दहाव्या फेरीत नॉकआउट केलं. टायसन तेव्हा २३ वर्षांचा होता आणि ३७ पैकी ३७ लढती जिंकलेला होता. त्यातल्या ३३ त्याने नॉकआउटवर संपवल्या होत्या. डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी आणि आयबीएफ या बॉक्सिंग संघटनांचे तिन्ही किताब त्याच्याकडे होते. डग्लसच्या नावावर २९ विजय, ४ पराभव आणि १ बरोबरी होती. टायसन व्यावसायिक कारकिर्दीत त्या दिवसापर्यंत एकदाही खाली पडला नव्हता.

४२ ला १ असा भाव होता म्हणतात. खरं आहे का?

खरं आहे. लास वेगसच्या मिराज कॅसिनोत डग्लसवर हा भाव लागला होता. म्हणजे डग्लसवर १०० डॉलर लावणाऱ्याला तो जिंकल्यास ४,२०० डॉलर मिळणार. सुरुवातीचा भाव यापेक्षा कमी होता, पण लोक टायसनवरच पैसे ओतत राहिले आणि तो चढत गेला. बहुतेक कॅसिनोंनी या लढतीवर पैजाच घेतल्या नाहीत, कारण निकाल काय लागणार हे सगळ्यांनी धरूनच टाकलं होतं. टायसनची पुढची लढत जूनमध्ये इव्हँडर होलीफिल्डशी ठरल्यात जमा होती. होलीफिल्ड त्या दिवशी टोकियोत रिंगजवळ बसूनच सगळं पाहत होता. डग्लसची लढत म्हणजे वाटेतला एक थांबा, असंच सगळे समजून चालले होते.

डग्लस खरंच 'कुणीच नव्हता' का?

याच समजामुळे मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. डग्लस हेवीवेटच्या पहिल्या दहांत धरला जाणारा बॉक्सर होता. १९८९ मध्ये त्याने ट्रेव्हर बर्बिक आणि ऑलिव्हर मॅकॉल यांना हरवलं होतं. बर्बिक म्हणजे ज्याला पाडून १९८६ मध्ये टायसन वयाच्या विसाव्या वर्षी विजेता झाला, तोच. मॅकॉल पुढे स्वतः जगज्जेता झाला. त्याआधी १९८६ मध्ये डग्लसने माजी विजेत्या ग्रेग पेजलाही हरवलं होतं.

डग्लस ओहायो राज्यातल्या कोलंबसचा. त्याचे वडील बिल डग्लस मिडलवेटमधले नावाजलेले बॉक्सर होते, 'डायनामाइट' म्हणून ओळखले जायचे. बस्टर मात्र लहानपणी बास्केटबॉलमध्ये रमलेला. कॉलेजातही तो बास्केटबॉलच खेळायचा. सहा फूट चार इंचांच्या आसपास उंची, ८३ इंचांचा हातांचा पल्ला आणि एवढ्या देहाला न शोभणारी हलकी पावलं, एवढी सामग्री त्याच्याकडे आधीपासूनच होती.

कमी पडायची ती चिकाटी. १९८७ मध्ये आयबीएफच्या रिकाम्या किताबासाठी तो टोनी टकरशी लढला. बरीच लढत त्याच्या हातात होती, पण दहाव्या फेरीत तो ढेपाळला आणि हरला. त्याला पुरतं ओळखणारेही म्हणायचे, अंगात कसब भरपूर आहे पण मन लागत नाही. म्हणून टोकियोत त्याच्या ताकदीबद्दल फारशी शंका नव्हती. बारा फेऱ्या तो मनाने रिंगमध्ये टिकेल का, हाच खरा प्रश्न होता.

त्याच्या आईची गोष्ट सांगतात ती काय?

त्याची आई, ल्यूला पर्ल, १८ जानेवारी १९९० रोजी वारली. लढतीला जेमतेम तीन आठवडे उरले होते. माझा मुलगा टायसनला हरवणार, असं ती भेटेल त्याला सांगत असे. आई गेल्यावर लढत पुढे ढकलण्याचा विषय निघाला, पण डग्लस हटला नाही. त्यातच टोकियोत पोचल्यावर त्याला सर्दीतापाने गाठलं.

लढत संपल्यावर रिंगमध्येच त्याला विचारलं गेलं की जे कुणालाच जमलं नाही ते तुला कसं जमलं. आईचं नाव घेताना त्याचा गळा दाटून आला आणि पुढचे शब्द फुटेनात. मी ती मुलाखत अनेकदा पाहिलीय. प्रत्येक वेळी तिथे मलाही आवंढा गिळावा लागतो.

पण टायसनने तयारीच केली नव्हती ना? मग डग्लसचं मोठेपण काय?

टायसनची तयारी कच्ची होती, हे मान्यच. ज्यांनी त्याला घडवलं ते कस डमॅटो १९८५ मध्ये गेले. त्याचे व्यवस्थापक जिम जेकब्स १९८८ च्या मार्चमध्ये वारले. त्याच वर्षाच्या अखेरीस त्याने आपला जुना प्रशिक्षक केव्हिन रूनी याला काढून टाकलं. रूनी गेला आणि डोकं सतत डावी-उजवीकडे हलवत आत शिरण्याची टायसनची सवयही हळूहळू सुटत गेली. टोकियोत सरावादरम्यान एका सराव-जोडीदाराने त्याला खाली पाडलं होतं. हा जोडीदार म्हणजे ग्रेग पेज, ज्याला डग्लसने चार वर्षांपूर्वी हरवलं होतं तोच. हे दोन धागे जोडून पाहावेत असं तेव्हा कुणाला सुचलं नाही.

तरीही 'टायसन गाफील होता' एवढ्यावर विषय मिटवणं म्हणजे डग्लसवर अन्याय आहे. कच्च्या तयारीच्या टायसननेही त्याआधी भल्याभल्यांना लोळवलं होतं. १९८९ च्या जुलैत कार्ल विल्यम्सला त्याने ९३ सेकंदांत संपवलं, तेव्हाही रूनी कोपऱ्यात नव्हताच. टायसनसमोरचे बहुतेक बॉक्सर घंटा वाजायच्या आधीच मनातून हरलेले असायचे. १९८८ मध्ये मायकल स्पिंक्स ९१ सेकंदांत गारद झाला. त्या लढतीत रिंगमध्ये येतानाचा त्याचा चेहरा पाहा. डग्लस घाबरला नाही, आणि न घाबरता जे करायचं ते त्याने दहा फेऱ्या केलं. टोकियोत टायसन हरला असं सगळे म्हणतात, मी म्हणतो डग्लस जिंकला.

मग डग्लसने लढत जिंकली कशी?

डाव्या हाताच्या जॅबने. ज्यांना बॉक्सिंगची सवय नाही त्यांच्यासाठी सांगतो: जॅब म्हणजे पुढच्या हाताचा सरळ, झटपट ठोसा. तो क्वचितच कुणाला पाडतो. त्याचं काम अंतर राखणं, समोरच्याची लय मोडणं आणि मागून येणाऱ्या जड हातासाठी वाट मोकळी करणं.

टायसनचा हातांचा पल्ला ७१ इंच, डग्लसचा ८३. टायसनला मारायचं तर आत घुसावंच लागणार. एरवी तो डोकं हलवत ठोशांखालून घुसायचा. त्या दिवशी सरळ आला आणि प्रत्येक वेळी डग्लसचा डावा हात त्याच्या तोंडावर आधीच पोचलेला असायचा. डग्लस एक जॅब मारून थांबत नव्हता. लागोपाठ दोन आणि त्यामागून उजव्या हाताचा सरळ ठोसा. टायसन आत पोचलाच तर डग्लस त्याला कवेत घट्ट धरून ठेवायचा, रेफ्री येऊन सोडवेपर्यंत. सुटला की एक पाऊल बाजूला, आणि पुन्हा जॅब.

जपानी प्रेक्षक शांतपणे पाहतात. त्या डोममध्ये हजारो माणसं असूनही चित्रणात ठोशांचा आवाज स्वच्छ ऐकू येतो. तिसऱ्या-चौथ्या फेरीपासून तो आवाज एकाच बाजूने येतोय हे डोळे मिटूनही कळतं.

टायसनच्या डोळ्यावर फुगा ठेवला होता, हे काय प्रकरण?

पाचव्या फेरीच्या सुमारास टायसनचा डावा डोळा सुजायला लागला. अशा सुजेवर दाबायला प्रत्येक कोपऱ्यात थंडगार ठेवलेला लोखंडी तुकडा असतो. इस्त्रीसारखा सपाट, छोटासा. टायसनच्या माणसांनी तो आणलाच नव्हता. मग रबरी हातमोज्यात बर्फाचं पाणी भरून, गाठ मारून, तो त्याच्या डोळ्यावर धरला. जगज्जेता स्टुलावर बसलाय आणि त्याच्या भुवईवर पाण्याने तट्ट फुगलेला हातमोजा डुचमळतोय, हे दृश्य पाहिलं की समजतं, या लोकांना लढत लांबेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. शेवटच्या फेऱ्यांत तो डोळा जवळजवळ मिटला होता आणि डग्लसचा उजवा हात टायसनला दिसतच नव्हता.

आठव्या फेरीत डग्लसला दहा सेकंदांपेक्षा जास्त वेळ मिळाला का?

हा वाद कधीच मिटायचा नाही. उत्तर दोन भागांत देतो.

आधी काय घडलं ते. आठवी फेरी संपायला काही सेकंदच उरले होते. डग्लस पुढे होता आणि थोडा सैलावला होता. टायसनने खालून उजव्या हाताचा अपरकट काढला आणि तो डग्लसच्या हनुवटीवर बसला. डग्लस पाठीवर पडला. पडल्या पडल्या त्याने डाव्या मुठीने कॅनव्हासवर ठोसा मारला, स्वतःवर चिडून. शुद्धीवर असलेला माणूसच असा चिडतो. मग कोपरावर रेलून तो रेफ्रीकडे बघत राहिला, आकडे ऐकत राहिला, नऊला उभा राहिला, आणि फेरी संपल्याची घंटा झाली.

आता मोजणी. बॉक्सर पडला की रिंगबाहेर बसलेला वेळाधिकारी लगेच आकडे मोजू लागतो. रेफ्रीने आधी दुसऱ्या बॉक्सरला तटस्थ कोपऱ्यात पाठवायचं आणि मग वेळाधिकाऱ्याचा आकडा उचलून पुढे मोजायचं. रेफ्री ऑक्टाव्हियो मेरान यांनी तो आकडा उचलला नाही, स्वतःची मोजणी एकपासून सुरू केली आणि ती सुमारे दोन सेकंद मागे पडली. घड्याळ लावून पाहिलं तर डग्लस दहा सेकंदांपेक्षा जास्त वेळ खाली होता, हे खरं.

पण बॉक्सरला बांधील असते ती रेफ्रीची मोजणी. खाली पडलेल्याने रेफ्रीचे आकडे ऐकायचे आणि दहाच्या आत उठायचं. डग्लसने तेच केलं. चारला उठू शकणारा शहाणा बॉक्सरही आठ-नऊपर्यंत खालीच थांबतो, कारण तेवढी विश्रांती फुकट मिळते. रेफ्रीची मोजणी दोन सेकंद पुढे असती तर डग्लसही दोन सेकंद आधी उठला असता, असं माझं ठाम मत आहे. त्याची नजर पाहा, ती भरकटलेली नाही. बॉक्सिंगमध्ये असा वाद नवाही नाही. १९२७ मध्ये शिकागोत जॅक डेम्प्सीने जीन टनीला पाडलं, पण स्वतः तटस्थ कोपऱ्यात जायला उशीर केला. टनीला जादा सेकंद मिळाले, तो उठला आणि जिंकला. त्याचा विजय कुणी काढून घेतला नाही.

राहिला एक मुद्दा. टायसनकडे नववी फेरी अख्खी होती. समोर नुकताच पडलेला माणूस होता. तेव्हा टायसन त्याला संपवायला धावून गेला आणि डग्लसने त्यालाच दोरांवर रेटून झोडपलं. नववी फेरी पाहिल्यावरही ज्याला आठव्या फेरीची तक्रार करावीशी वाटते, त्याच्याशी मी वाद घालत नाही.

आणि तो माउथपीसचा क्षण?

दहावी फेरी. डग्लस जॅब मारतोय, टायसन समोर थबकलाय. डग्लसचा उजवा अपरकट आला आणि टायसनची मान मागे फेकली गेली. त्यामागून दोन्ही हातांचे ठोसे एकापाठोपाठ एक पडत गेले आणि शेवटच्या डाव्या हुकने, म्हणजे बाजूने वळवून मारलेल्या ठोशाने, टायसन आडवा झाला.

तोंडातलं माउथपीस, म्हणजे दात सांभाळणारं रबरी कवच, उडून कॅनव्हासवर पडलं होतं. टायसन गुडघ्यांवर आला आणि आकडे चालू असताना ते शोधू लागला. बॉक्सिंग ग्लोव्हमध्ये बोटं नसतात, चिमटीत काही धरता येत नाही. तो जाडजूड हात जमिनीवर फिरवत राहिला. अखेर ते सापडलं आणि त्याने तोंडात घातलं, पण एकच टोक दातांत गेलं, दुसरं ओठांबाहेर लोंबत राहिलं. तसाच तडफडत उठून तो पुढे झुकला. तोवर मेरान यांचे दहा मोजून झाले होते. त्यांनी दोन्ही हातांनी टायसनला सावरून धरलं. फेरी सुरू होऊन एक मिनिट आणि वीसेक सेकंद झाली होती.

आपल्याकडे कुस्तीत पाठ लागली की पैलवान क्षणभर आभाळाकडे बघतो आणि फडावरचा कोलाहल थांबतो. मला तसंच वाटतं ते पाहताना. टायसनचा चाहता नसलेल्या माणसालाही तिथे जल्लोष करावासा वाटत नाही.

नॉकआउट झाला नसता तर गुणांवर कोण जिंकलं असतं?

नऊ फेऱ्यांनंतर तीन पंचांचे गुण असे होते: एकाने डग्लसला ८८-८२ असं पुढे ठेवलं होतं, दुसऱ्याकडे ८६-८६ अशी बरोबरी होती, आणि तिसऱ्याच्या मते टायसन ८७-८६ ने पुढे होता. टायसनला पुढे ठेवणाऱ्या पंचांनी काय पाहिलं हे मला आजवर समजलेलं नाही. आठव्या फेरीतलं पाडणं जमेस धरूनही डग्लस स्पष्ट पुढे होता. जगज्जेत्याच्या नावाचं वजन असं गुणपत्रिकेतही उतरतं.

निकाल काही दिवस लटकला होता, तो का?

लढत संपल्यावर प्रवर्तक डॉन किंग आणि टायसनच्या बाजूने आठव्या फेरीतल्या मोजणीवर हरकत घेतली. डब्ल्यूबीए आणि डब्ल्यूबीसीने डग्लसला लगेच मान्यता दिली नाही. आयबीएफने मात्र पहिल्यापासून त्यालाच विजेता मानलं. जगभर लोक आणि वर्तमानपत्रं इतकी संतापली की काही दिवसांतच हरकत मागे घ्यावी लागली. आई गमावलेल्या, सगळ्या जगाने मोडीत काढलेल्या माणसाला जिंकल्यानंतरही आपण जिंकलोय हे कुणीतरी मान्य करेल याची वाट पाहावी लागली, हे मला आजही सहन होत नाही.

हेवीवेटमधला हा सगळ्यात मोठा धक्का मानायचा का?

मी मानतो. १९३५ मध्ये जेम्स ब्रॅडॉकने मॅक्स बेअरला हरवलं. १९६४ मध्ये कॅशियस क्लेने, म्हणजे नंतरच्या मोहम्मद अलीने, सॉनी लिस्टनला स्टुलावरच बसवलं. १९७८ मध्ये त्याच अलीला फक्त सात व्यावसायिक लढती खेळलेल्या लिऑन स्पिंक्सने हरवलं. २००१ मध्ये दक्षिण आफ्रिकेत हसीम रहमानने एका उजव्या हातात लेनॉक्स लुईसला झोपवलं. २०१९ च्या जूनमध्ये न्यू यॉर्कला ऐनवेळी बदली म्हणून आलेल्या अँडी रुईझने अँथनी जोशुआला चार वेळा पाडलं. रुईझची लढत मला फार आवडते.

पण रहमानचा विजय एका ठोशाचा होता आणि अली १९७८ मध्ये थकत चाललेला होता. डग्लसने ऐन भरातल्या, अजिंक्य मानल्या गेलेल्या माणसाला फेरीमागून फेरी हरवत नेलं आणि मग पाडलं.

नंतर डग्लसचं काय झालं? परत लढत झाली का?

टायसन आणि डग्लस पुन्हा कधीच समोरासमोर आले नाहीत. २५ ऑक्टोबर १९९० रोजी डग्लसने पहिल्यांदाच किताब पणाला लावला तो होलीफिल्डसमोर, आणि तोही मिराजमध्येच. टोकियोत त्याचं वजन २३१ पौंड होतं, म्हणजे १०५ किलो. होलीफिल्डसमोर तो २४६ पौंडांचा, पोट सुटलेला उभा होता. तिसऱ्या फेरीत पडला आणि उठला नाही. त्या एका लढतीचे त्याला सुमारे अडीच कोटी डॉलर मिळाले आणि त्याने हातमोजे काढून ठेवले.

पुढची वर्षं वाईट गेली. वजन भयंकर वाढलं आणि १९९४ मध्ये मधुमेहाने तो बेशुद्धावस्थेत गेला. त्यातून वाचला, वजन उतरवलं, १९९६ मध्ये रिंगमध्ये परतला आणि आणखी काही लढती जिंकून १९९९ मध्ये कायमचा थांबला. होलीफिल्डसमोरच्या त्या लढतीवरून त्याला नावं ठेवणारे पुष्कळ आहेत. टोकियोसाठी लागलेलं मन त्याला दुसऱ्यांदा लावता आलं नाही, हे खरं. पण मधुमेहाच्या त्या बेशुद्धीतून उठून पुन्हा सरावाला लागलेल्या माणसाला मी आळशी म्हणणार नाही.

भारतात त्या दिवशी ही बातमी कशी आली?

टोकियोत दुपार, अमेरिकेत शनिवारची रात्र आणि आपल्याकडे रविवारची सकाळ असताना ही लढत झाली. त्याच रविवारी नेल्सन मंडेला २७ वर्षांच्या कैदेनंतर सुटले. साहजिकच आपल्या वर्तमानपत्रांत मंडेलाच होते आणि असायलाच हवे होते. आमच्यासारख्या अनेकांनी ही लढत पुढे कधीतरी, कुणाच्या तरी घरी, झिजलेल्या व्हिडिओ कॅसेटवर पाहिली. निकाल माहीत होता, तरी आठव्या फेरीत डग्लस पडला तेव्हा खोलीत कुणी श्वास घेत नव्हतं.

पहिल्यांदाच बघणार असेन तर काय बघू?

फक्त दहावी फेरी पाहू नका. पहिल्या घंटेपासून बसा आणि पहिल्या फेरीत फक्त डग्लसच्या पायांवर नजर ठेवा. टायसनसमोर इतर बॉक्सरांचे पाय मागे-मागे जायचे. हा बोटांवर उभा आहे, बाजूला सरकतोय, आणि जॅब मारताना पाऊल पुढे टाकतोय. दुसऱ्या फेरीत टायसनचं डोकं पाहा, किती कमी हलतंय ते. पाचवीनंतर टायसनच्या कोपऱ्यातली धांदल पाहा. आठवीत पडलेल्या डग्लसची डावी मूठ पाहा. आणि नववी सुरू होताना मिनिटभर चित्र थांबवून दोघांचे चेहरे शेजारी ठेवून बघा. आत्ताच पाठीवर पडलेला माणूस यातला कुठला, हे माहीत नसलेल्याला सांगता येणार नाही.